लहान झुरळांवर स्प्रे नको, जेल लावा

दर आठवड्याला ओट्यावर स्प्रे मारूनही झुरळं वाढतच चालली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. फिकट तपकिरी, नखाएवढी, मानेवर दोन काळ्या रेघा, म्हणजे ही जर्मन झुरळं. गटारातून येणारी मोठी लालसर झुरळं वेगळी, ती मोरीला जाळी बसवली की बरीच आटोक्यात येतात. ही मात्र घरातच वाढतात. मादी 30-40 अंड्यांची डबी पिल्लं निघायची वेळ येईपर्यंत पोटाला चिकटवून हिंडते आणि त्या डबीच्या आत स्प्रे पोचत नाही. शिवाय वासाने उरलेली झुरळं पांगतात: आज ओट्यावर होती, उद्या बेडरूमच्या कपाटात.

आधी रात्री दिवे घालवून तासाभराने टॉर्च घेऊन जा. फ्रिजच्या मोटरपाशी, शेगडीखाली, मिक्सरच्या बुडाशी, ट्रॉलीच्या चॅनलमध्ये आणि बिजागरीच्या खाचेत बघा. मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले की समजा, वस्ती तिथेच आहे. तिथे झुरळं मारायच्या जेलचे मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके लावा (फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक असलेलं). एकच मोठा गोळा लावून ठेवू नका, छोटे छोटे भरपूर ठिपके हवेत. खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि ते मेलेलं झुरळ बाकीचे खातात, तेही मरतात. त्या जागी स्प्रे किंवा फिनेल अजिबात नको, नाहीतर ती जेलला तोंड लावत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी ठिपके पुन्हा लावा, तोवर उरलेल्या डब्यांतून पिल्लं बाहेर आलेली असतात. आणि रात्री सिंक कोरडं ठेवा. पाणी मिळालं की खरकटं नसलं तरी त्यांचं निभतं.

कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्याही चालतात (हो, कॅरमवर टाकतात तीच पावडर). पण त्या वाळून दगड होतात, म्हणून मी जेलच सुचवीन. जेल असो की गोळ्या, मुलांच्या आणि मांजराच्या तोंडाशी येणार नाहीत अशाच जागी ठेवा. तमालपत्र आणि काकडीची सालं यांच्या नादी लागू नका. दुकानातले पुठ्ठ्याचे खोके मात्र दारातच रिकामे करा, बरीचशी झुरळं त्यातूनच घरात येतात.

तांदळातल्या सोंड्यांचं म्हणाल, तर चाळून वरचे जातात, पण मादी दाण्याला भोक पाडून आत अंडी घालते, म्हणून महिन्याभरात पुन्हा दिसतात. थोडे तांदूळ असतील तर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा गार असेपर्यंत उघडू नका, आत पाणी सुटतं. एवढं करून मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

शेजाऱ्यांनी तुम्हाला सुचवलेल्या, गोदामात धान्याची कीड मारायला वापरतात त्या गोळ्या घरात आणूच नका. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्यानेही त्यातून विषारी फॉस्फिन वायू सुटतो आणि त्याने बंद घरात झोपलेली माणसं दगावली आहेत.