बदली पाठवू नकोस

प्रिय मुली,

तुझा निरोप रात्री साडेअकराला आला. मी जागाच होतो. उत्तर मुद्दाम लिहिलं नाही, कारण तेव्हा तीनच शब्द लिहिले असते: तालमीला स्वतः जा. आता सकाळ झाली, दोन चहा झाले, तरी शब्द तेच आहेत. फरक एवढाच, की कारणं सांगायला बसलोय.

आधी तुझं म्हणणं मांडतो, म्हणजे काकांनी ऐकूनच घेतलं नाही असं नको. रविवारी कॉन्सर्ट, सगळं इंग्लिश संगीत: व्हॉन विल्यम्सची टॅलिस फँटेझिया, एल्गारचा चेलो कॉन्चेर्तो, मध्यंतरानंतर एनिग्मा व्हेरिएशन्स. शनिवारी सकाळी तालीम, आणि नेमकं त्याच वेळी लंडनला एका टीव्ही मालिकेचं रेकॉर्डिंग. पैसे तिप्पट. तालमीला मैत्रीण बदली जाते म्हणतेय. आणि शेवटी तू लिहितेस, ‘काका, मी व्हायोलांच्या शेवटच्या डेस्कवर. माझ्यावाचून काय अडतंय?’ (व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी, खर्जातली बहीण. डेस्क म्हणजे एका स्टँडमागची दोघांची जागा.)

पैशांचं मला कळतं. हे शेवटचं वाक्य मात्र लागलं.

एल्गारचा पार्ट, तुझ्या व्हायोलाची सुरांची वही, उघड. (आपल्याकडे एल्गार म्हटलं की मोर्चा आठवतो. या एल्गारचा सगळा ओढा आत, स्वतःकडे.) सुरुवातीला एकटा चेलो, ते चार मोठे आघात. मग क्लॅरिनेट, बासून, हॉर्न या फुंकवाद्यांचं दोन शब्दांचं उत्तर. मग चेलो चाचपडत वर चढतो, आपल्या मर्जीनं, ताल सोडून. आणि तो थांबला की ती नऊ-आठ तालातली धून पहिल्यांदा कोण म्हणतं? व्हायोला. खाली आधाराला कुणी नाही, बाजूला कुणी नाही. चेलो ती धून नंतर आपल्याकडून घेतो. मार्च १९१८ मध्ये टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आल्यावर साठ वर्षांच्या एल्गारनं पेन्सिल-कागद मागितला आणि लिहिली ती हीच धून. ती तुमच्या हातात दिलीय, आणि तू विचारतेस काय अडतंय!

आता १९१९ ची गोष्ट, या कॉन्चेर्तोच्या पहिल्या प्रयोगाची. तू ती कॉलेजात ऐकलीच असशील, पण परीक्षेपुरती. २७ ऑक्टोबर, क्वीन्स हॉल, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. एल्गार फक्त आपली रचना चालवणार होता, बाकीचा कार्यक्रम दुसरा कंडक्टर आल्बर्ट कोट्सकडे. कोट्सनं स्वतःच्या वाट्याच्या रचनांच्या तालमीत एल्गारचा वेळ खाल्ला. म्हातारा ताटकळत बसला. एकल वादक फेलिक्स सॅल्मंडनं जीव तोडून तयारी केली होती, म्हणून एल्गारनं रचना मागे घेतली नाही. प्रयोग पडला. एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रानं स्वतःचं असं हसं करून घेतलेलं क्वचितच दिसेल, अशा अर्थाचं समीक्षक अर्नेस्ट न्यूमननं लिहिलं.

त्या दिवशी चेलोंच्या रांगेत एकोणीस वर्षांचा एक पोरगा बसला होता, जॉन बार्बिरोली. त्याच्यावाचूनही काही अडलं नसतं. पण तो तिथं होता. ती रचना कुठं सुटली, कुठं कुणी कुणाची वाट पाहिली नाही, हे त्यानं रांगेत बसून अंगावर घेतलं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये किंग्जवे हॉलमध्ये त्याच ऑर्केस्ट्रासमोर तो कंडक्टर म्हणून उभा राहिला, शेजारी चेलो घेऊन वीस वर्षांची जॅकलिन द्यू प्रे, आणि जे ध्वनिमुद्रण झालं ते तू वर्षानुवर्षं कानाला लावून फिरतेस. मध्ये ४६ वर्षं गेली. म्हणून म्हणतो, तालमीला स्वतः जा.

तू वकिली करणार, मला माहीत आहे. म्हणशील, १९१९ ला वाद्यवृंदात बदली होते म्हणून थोडंच बिघडलं, कंडक्टरनं वेळ खाल्ला. बरोबर. म्हणशील, होल्स्टचे ‘प्लॅनेट्स’ सप्टेंबर १९१८ मध्ये एड्रियन बोल्टनं जेमतेम दोन तासांच्या तालमीवर उभे केले आणि लोक भारावले. तेही बरोबर. पण त्या दोन तासांत खोलीत सगळे होते! सगळेच अंधारात, पण एकत्र. आणि तू हेही काढशील की लंडन सिम्फनी जन्मलीच मुळी बदलीच्या हट्टातून. १९०४ मध्ये हेन्री वुडच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात फर्मान निघालं, यापुढं बदली चालणार नाही. चाळीसेक वादक उठले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली. जूनमधल्या त्यांच्या पहिल्याच कार्यक्रमात एनिग्मा होतं. त्यांचं पोट त्यावर होतं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण आधी काय चालायचं? वादक पहिल्या तालमीला आपला माणूस पाठवायचा, तो दुसऱ्या तालमीला तिसऱ्यालाच पाठवायचा, आणि कार्यक्रमाला उगवायचा चौथा, ज्यानं घरी बसावं म्हणून कुणीही खिशातून पैसे दिले असते. मैत्रिणीला विचार, शनिवारी ऐन वेळी तिलाच दुसरं काम आलं तर?

मी हे इतकं ताणतोय, कारण मी बदली पाठवली होती.

१९८२ साल. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार, म्हणजे सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी आलं नाही तर आत. संपानं तेही गेलं. आई धाकट्याला घेऊन गावी गेली. माझगावच्या ज्या गोवेकर मास्तरांनी मला फुकट व्हायोलिन शिकवलं त्यांनाही पैसे पाठवायचे होते. मी इथं मँचेस्टरला मिळेल तिथं वाजवत होतो. एका रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं आणि एल्गारच्या तालमीला मी ओळखीच्या एका बाईला पाठवलं. काय वाईट केलं? आजही तसंच करीन.

कार्यक्रमाला गेलो. नऊ व्हायोला, मी नववा, डेस्कवर एकटा. चेलोवाली वर चढली, तिनं शेवटचा सूर धरला. नेहमी जितकं थांबतात तितकं मी मनात मोजलं आणि बो, म्हणजे गज, टेकवला. बाकी आठ जण थांबले होते. तो सूर हॉलमध्ये पूर्ण विरेपर्यंत कुणी आत यायचं नाही, असं तालमीत ठरलं होतं. अर्धा सेकंदभर माझा एकट्याचा सूर त्या हॉलमध्ये होता. पुढच्या डेस्कवरच्या बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर पार्ट पाहिला. भाड्यानं आणलेला, पन्नास जणांच्या पेन्सिलींनी गिरबटलेला. नेमक्या त्या जागी, प्रवेशाच्या वर, बारीकसा चष्मा काढलेला. मान वर कर, कंडक्टरकडे बघ. माझ्या बदलीनं माझ्यासाठी काढून ठेवला होता. मी तो पाहिलाही होता, आणि जुना कुणाचा तरी असेल म्हणून सोडून दिला होता.

हे बाबांना पत्रात कळवलं, का कोण जाणे. त्यांचं उत्तर आलं, पोस्टकार्डावर: ‘आम्ही बदलीला गेलो तर साच्याला (मागाला) कळत नाही कोण आलं. तुमच्या कामात कळतं का?’ चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी ते कार्ड बरीच वर्षं वाद्याच्या केसमध्ये ठेवलं होतं, घर बदलताना हरवलं. त्या संस्थेनं मला पुन्हा बोलावलं नाही. कारणही दिलं नाही. मी इतकी वर्षं सांगत आलो की मला तसंही शिकवायचंच होतं. तुलाही तेच सांगितलंय बहुतेक.

असो. तुझ्या घरी संप नाही. तुला नवा बो घ्यायचाय. बो सहा महिन्यांनी घे.

आणि टॅलिसचं विसरलीस वाटतं? त्यात वाद्यवृंद दोन. दुसऱ्यात फक्त नऊ जण, त्यात दोन व्हायोला, मूळ वाद्यवृंदापासून लांब बसलेले. १९१० साली ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये व्हॉन विल्यम्सनं हे पहिल्यांदा चालवलं, त्या दगडी कमानींसाठीच जणू. तू गेल्या आठवड्यात म्हणालीस की त्या नऊत तुझं नाव आहे. इतक्या लांबून कानावर विसंबलीस तर उशीर होतो. समोरचा आवाज पोचल्यावर तू बो लावणार, म्हणजे श्रोत्यांना दुप्पट मागं ऐकू येणार. डोळ्यानं वाजवावं लागतं. किती पुढं राहायचं हे त्या हॉलमध्ये, त्या खुर्चीत बसूनच कळतं. मैत्रिणीच्या डोळ्यांनी नाही कळत. शेवटच्या डेस्कवर आहे म्हणे!

आपल्या मुंबईचे मेहली मेहता आठव. १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी स्वतः उभी केलेला माणूस, वीस वर्षांनी इथं मँचेस्टरला येऊन बार्बिरोलींच्या हॅले ऑर्केस्ट्रात दुसऱ्याच्या हाताखाली बसला.

तर आता एवढं कर. ते रेकॉर्डिंग मैत्रिणीला दे. तिला पैसे मिळतील, त्यांनाही ऐन वेळी माणूस शोधावं लागणार नाही, पण आज दुपारच्या आत कळव. शनिवारी पेन्सिल घेऊन जा, मऊ शिशाची, खोडरबर वेगळा. मी रविवारी वरच्या गॅलरीत उजवीकडे आहे, तिथून व्हायोलांचे हात दिसतात.

तुझा,
काका

ता. क. तालीम दहाला म्हणजे साडेनऊला खुर्चीत. स्टेशनपासून चढ आहे.