म्हाळुंगेच्या टॉवरबद्दल : जनसुनावणीची वाट पाहत बसू नका

ताई, "सोसायटीच्या मागच्या उतारावर अकराशे फ्लॅट येणार, आम्हालाच टँकर पुरत नाहीत, चारशे सह्या झाल्यात, आता सुनावणीच्या तारखेची वाट पाहतोय" ही तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. इथे पुण्यातच, नऱ्ह्यात, आम्हीही अशाच तारखेची वाट पाहत होतो. सह्या, निवेदनं, नगरसेवक हे तुम्ही करताच आहात, त्यावर लिहीत नाही.

ती तारीख येणारच नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत खाणी, कारखाने यांना जनसुनावणी आहे. इमारती आणि टाउनशिपना तिच्यातून सूट आहे. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, कागद तज्ज्ञ समितीपुढे जातात, बैठका होतात. शेजाऱ्यांना बोलावणं मात्र जात नाही.

हे आम्हाला एका सरकारी कार्यालयाने पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. नाव घेत नाही. तिथे निवेदन घेतलं, आवकचा शिक्का मारला आणि सांगितलं, "सुनावणी लागली की कळवू, हरकत तेव्हा नोंदवा." टेबलावरचा माणूस बदलायचा, उत्तर तेच. इकडे मंजुरी मिळून संकेतस्थळावर चढलीसुद्धा, आणि आम्हाला कळलं ते मागच्या प्लॉटवर पोकलेन आल्यावर. हरित लवादात अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. त्यापुढे लवादालाही मुदत वाढवता येत नाही. आमचे ते दिवस "कळवू" या एका शब्दावर गेले, आणि तो शब्द तोंडी होता, कुठल्याच कागदावर नाही. निवृत्त माणसं रिक्षाने हेलपाटे घालत होती. त्या कार्यालयातल्या एकालाही वाटलं नाही की यांना खरं सांगावं. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. आता आमच्या हातात मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही याचे विकासकाचे सहामाही पूर्तता अहवाल तपासणं एवढंच उरलंय.

तुमची मंजुरी झाली की नाही, हे पोस्टवरून कळत नाही. म्हणून पर्यावरण मंजुरीचे अर्ज जिथे असतात ते परिवेश पोर्टल आजच बघा. जाहिरातीतलं नाव टाकून प्रकल्प बहुतेक सापडत नाही, कारण अर्ज वेगळ्याच कंपनीच्या नावे असतो. आधी महारेरावर, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी असते त्या सरकारी संकेतस्थळावर, ते नाव आणि सर्व्हे नंबर मिळतो का पाहा, मग परिवेशवर शोधा. अर्ज प्रलंबित असेल तर समितीला लेखी हरकत पाठवा, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्हीने. उत्तर येईलच असं नाही, पण मुद्दा वेळेत मांडल्याची नोंद राहते. मंजुरी झाली असेल तर तिच्यावरची तारीख बघून त्याच दिवशी वकील गाठा. (मी वकील नाही. नियमांत दुरुस्त्या होत असतात, मुदतीची खात्री त्यांच्याकडूनच करून घ्या.)

हरकतीत काय लिहायचं याबद्दल माझं मत ठाम आहे, कुणाला पटणार नाही. टेकडी दिसणार नाही, शांतता जाईल, हे लिहू नका. आपणही इथे बाहेरूनच आलो, आणि घराची गरज त्या अकराशे कुटुंबांनाही आहे. पाण्यावर लिहा. घरटी पाच माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोज ७,४२,५०० लिटर होतात. विकासक म्हणेल फ्लशला सांडपाणी शुद्ध करून वापरू. ते माणशी ४५ लिटर वजा केले तरी १०,००० लिटरच्या टँकरच्या रोज पन्नासेक खेपा उरतात. त्या कुठून भरणार आणि तुमच्या अरुंद रस्त्यावरून कशा येणार, याचं उत्तर मागा. महापालिकेचं पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पुरवू, असं हमीपत्र अशा ठिकाणी घेतलं जातं. त्याची प्रत मिळवा. सोसायटी ताब्यात आल्यावर तो खर्च राहणाऱ्यांच्या मेंटेनन्समध्येच येतो, हे नव्या खरेदीदारांनाही कळू दे. आपली २३ गावं २०२१ ला पुणे महापालिकेत आली, पाण्याचे हाल संपले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण नांदेड, किरकटवाडी, खडकवासला भागात सापडले आणि विहिरीच्या पाण्यावर बोट गेलं, तेव्हा आमच्याकडे घरोघरी पाणी उकळणं सुरू झालं. पाणी फक्त किती हे विचारू नका, कसलं आणि कुठून हेही विचारा.

जागा उतारावर आहे म्हणता, तर समोच्च रेषांचा, म्हणजे जमिनीची उंची दाखवणारा नकाशा मागा. डोंगरउताराच्या जागी १:५ पेक्षा (पाच मीटर अंतरात एक मीटर) तीव्र चढावर बांधकामाला बंदी आहे, आणि नकाशात चढ सौम्य दाखवलेला नाही ना हे एखाद्या सर्वेअरकडून पाहून घ्या. ओढाही जागेवर जाऊन बघा. २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र पुण्यात कुणी विसरलेलं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवा, आपल्या राज्याचा नियम तसा आहे. त्याआधी पालिकेत फाइल प्रत्यक्ष पाहायला मिळते का ते विचारा (पूर्वी सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ असायची). तिथे दोघांनी जा, एकाने वाचावं, दुसऱ्याने लिहून घ्यावं. अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची टिपणीची पानं असतात, त्यांवर बहुतेक सगळं मिळतं. आणि सोसायटीची गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांतली टँकरची बिलं आजच खजिनदारांकडून मागून घ्या. हरकतीला ती जोडायची आहेत.