वाचकांचे प्रश्न : नाळेजवळ तडकणाऱ्या पट्ट्या

प्रश्न : मराठा आरमारातील गुराब जहाजाची १:४८ प्रमाणातील लाकडी प्रतिकृती मी घडवीत आहे, परंतु नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, वाकवताना सागाच्या पट्ट्या तडकतात. उपाय सुचवावा.
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : साग खऱ्या जहाजासाठी उत्तम असला, तरी त्याचा पोत भरड असल्याने इतक्या लहान कामात तो शोभत नाही, त्याऐवजी बारीक पोताचे हळदूचे लाकूड घ्यावे आणि पट्टी गरम पाण्यात भिजवून हळूहळू वळवावी. खरे दुखणे मात्र बहुधा वेगळेच असते : सांगाड्याचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेशी लहान असल्यामुळे प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते, नाहीतर ती कडेवर उभी राहू पाहते व दाबताच फुटते. दोन्ही ठिकाणच्या फासळ्या कागदी फितीने मापून त्या मापांना पट्ट्यांच्या संख्येने भागावे, म्हणजे रुंदी अचूक मिळते. पट्ट्या डावी-उजवीकडे आळीपाळीनेच लावाव्यात. अन्यथा कणा पिळतो.