कुत्र्याच्या पिल्लाची शी-शूची सवय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं पिल्लू सव्वादोन महिन्यांचं आहे. अर्धा-अर्धा तास बाहेर फिरवून आणतो, तिथे काहीच करत नाही. घरात पाऊल टाकलं की दारातल्या पायपुसण्यावर शू. मुद्दाम करतं का?

मुद्दाम अजिबात नाही. बाहेर नवे वास, आवाज, उडणारं पान, जाणारी सायकल, एवढं सगळं चालू असतं की लघवी लागल्याचं भान त्याला राहत नाही. घरात आल्यावर जीव शांत होतो आणि नेमकं तेव्हाच पायाखाली मऊ, ओल शोषणारं पायपुसणं लागतं. पिल्लं आपली जागा वासावरून ओळखतात, तशीच पायाखालच्या स्पर्शावरूनही. म्हणून पायपुसणी, सतरंज्या, गालिचे महिना-दोन महिने गुंडाळून ठेवा.

बाहेर नेताना आधी शू, मग फिरणं. पट्टा लावून रोज त्याच एका जागी नेऊन उभे राहा. त्याच्याशी बोलू नका, खेळू नका. नाक जमिनीला लावून ते गोल-गोल फिरायला लागलं की वेळ जवळ आली समजा. कंबर खाली करताना हळू आवाजात एकच ठरलेला शब्द म्हणा. पुढे त्या शब्दावर शू करायची सवय लागते. शाबासकी मात्र शेवटचा थेंब पडल्यावरच द्या. मध्येच कौतुक केलं तर पिल्लू अर्ध्यावर थांबून तुमच्याकडे धावतं आणि उरलेली अर्धी शू घरात होते. खाऊही तिथेच, दोन सेकंदांच्या आत द्या. घरी येऊन दिलात तर घरात आल्याचं बक्षीस मिळालं असंच त्याला वाटेल.

शू झाल्या-झाल्या लगेच घरी आणणं ही नेहमी होणारी चूक. शू केली की मजा संपते हे पिल्लू चटकन शिकतं आणि मग धरून ठेवतं. खरं फिरणं, खेळणं शू झाल्यावर सुरू करा. दहा मिनिटांत काहीच झालं नाही तर घरी आणा, पण मोकळं सोडू नका. मांडीवर घ्या किंवा पट्टा तुमच्या कमरेला बांधून जवळच ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा त्याच जागी न्या.

प्रश्न : दिवसातून किती वेळा न्यायचं? रात्रीचं काय?

पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, साधारण तितके तास ते धरू शकतं, असा अंदाज सांगतात. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. पण ही झाली कमाल मर्यादा, आणि तीही निवांत पडून असताना. जागं असताना, खेळताना त्याला दर पाऊण तासाने ते तासाभराने न्यावं लागतं. याशिवाय झोपेतून उठल्यावर ताबडतोब, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत आणि दांडगाईचा खेळ संपल्यावर. झोपेतून उठलेल्या पिल्लाला शक्यतो उचलूनच न्या, दारापर्यंत चालताना वाटेतच होते.

खाणं दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाटी उचला. खाण्याच्या वेळा बांधल्या की शीच्या वेळाही बांधल्या जातात. पाणी मात्र दिवसभर समोर असू द्या. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं पिल्लासाठी धोक्याचं आहे.

रात्री त्याला तुमच्या पलंगाशेजारी पिंजऱ्यात झोपवा. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढाच पिंजरा हवा. जास्त मोठा असला तर एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप, अशी सोय पिल्लू करून घेतं. मोठा घेतलाच असेल तर मध्ये फळी लावा. सुरुवातीला रात्री एक-दोनदा उठावं लागेल. ते रडायची वाट न बघता गजर लावून उठा. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही. शू झाली की परत झोप. चार-पाच रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटांनी पुढे ढकला.

प्रश्न : आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि पिल्लाचं लसीकरण अजून पूर्ण झालेलं नाही. खाली नेऊ का?

अनोळखी कुत्र्यांची ये-जा असते तिथल्या जमिनीवर तूर्त सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. तोपर्यंत गॅलरीत उथळ ट्रे ठेवून त्यात गवताचा तुकडा किंवा माती घाला. पुढे बाहेर ज्यावर शू करायची आहे तोच स्पर्श आत्तापासून ओळखीचा होऊ दे. कागद किंवा शू शोषणारे पॅड चालतात, पण पुढे एक काम वाढतं, कारण घरात पडलेला कोणताही कागद त्याला हक्काचा वाटू लागतो. पॅड सुरू केलेच असतील तर रोज वीतभर दाराकडे सरकवा, एकदम हलवू नका. लसीचे डोस पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की वापरलेल्या पॅडचा ओला तुकडा बाहेरच्या जागी ठेवा. वास ओळखून ते तिथे बसेल.

प्रश्न : शेजारी म्हणतात, घरात शू केली की त्यात नाक घासा, म्हणजे कळेल. तसं केल्यापासून पिल्लू सोफ्यामागे जाऊन करतं.

कृपया हे आजच थांबवा. त्याला कळलं ते इतकंच, की माणसासमोर शू केली की मार बसतो. म्हणून ते सोफ्यामागे जातं, आणि म्हणूनच आता पट्टा धरून तुम्ही शेजारी उभे असलात तर बाहेरही करणार नाही. हा विश्वास परत यायला वेळ लागतो. काही दिवस पट्टा जरा लांब द्या, पाठ अर्धी वळवून उभे राहा आणि झाल्यावर भरभरून कौतुक करा.

घरात करताना दिसलं तर उचलून बाहेर न्या, एवढंच. नंतर दिसलं तर गुपचूप पुसा. पुसताना अमोनिया असलेलं काही वापरू नका, लघवीच्या वासाशी तो वास जुळतो. फिनेलही नको, पिल्लं लादी चाटतात आणि ते पोटात गेलं तर विषबाधा होते. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग एन्झाइमचं (लघवीचा वास मुळातून मोडणारं) क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ओलं राहू द्या. लगेच पुसलं तर काहीच उपयोग नाही, एन्झाइमला काम करायला ओल आणि वेळ लागते.

प्रश्न : पाच महिन्यांची कुत्री, नीट शिकलेली. चार दिवसांपासून घरभर थेंब-थेंब करते.

हे शिकवण्याचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. शूसाठी सारखं बसणं, थोडी-थोडी होणं, जोर लावणं, लालसर रंग ही मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. कोणी घरी आल्यावर कान पाडून, अंग चोरून जागीच शू होत असेल तर गोष्ट वेगळी: ते दबून जाणं आहे, बहुतेक पिल्लांचं वयानुसार जातं. पाहुण्यांना वाकू नका, नजर भिडवू नका, एवढं सांगा. पण तुमच्या कुत्रीचं तसं दिसत नाही. सकाळी ती बसली की मागून उथळ स्वच्छ ताटली सरकवा, नमुना स्वच्छ बाटलीत भरून लगेच पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी आधीच देऊ नका, तपासणीत जंतू सापडत नाहीत.