पेट स्कॅन म्हणजे पोटाचा स्कॅन नव्हे

प्रश्न : माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत, निफाडला द्राक्षबाग आहे पण आजारपणामुळे सध्या आमच्याकडे सिडकोत असतात. दीड वर्षापूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर केमो पण पूर्ण झाली. आता रक्ततपासणीत सीईए (आतड्याच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला बघतात तो रक्तातला घटक) ३ वरून ९ वर गेलंय, सीटी स्कॅन मात्र क्लिअर आला. तरी डॉक्टर पेट स्कॅन सांगतायत. पोट तर सीटीत बघूनच झालं ना, मग परत खर्च कशाला असं घरात सगळे म्हणतात. शुगरची गोळी पण चालू आहे. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हा घोटाळा खूप जणांचा होतो, कारण हिंदीत पेट म्हणजे पोट. इथे पेट हे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफीचं छोटं नाव आहे आणि त्यात साधारण डोक्यापासून मांडीपर्यंत सगळं शरीर बघतात. सीटीत गाठीचा आकार दिसतो, पण ऑपरेशनच्या जागी जुना व्रण असतो आणि तो व्रण आहे की नवी गाठ हे नुसत्या आकारावरून कधीकधी कळत नाही. पेटमध्ये किरणोत्सर्गी साखर टोचतात, कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात म्हणून ती जागा उजळते. दर फॉलोअपला पेट करायची गरज नसते, पण सीईए वाढतंय आणि सीटीत काही सापडत नाही अशा वेळी तो खरंच कामाचा, त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. फक्त सीईए एकदाच वाढलं असेल तर आधी ते परत करून खात्री केली का हे विचारा, बिडी-सिगारेटनेसुद्धा ते थोडं वाढतं.

आता तयारीचं नीट ऐका, कारण तयारी चुकली की रिपोर्ट फसतो. साधारण ६ तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं, चहा नाही आणि बागेतली द्राक्षं तर नाहीच. आदल्या दिवशी त्यांना बागेत राबू देऊ नका, थकलेले स्नायूसुद्धा साखर ओढतात. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर तिच्यामुळे आतडंच उजळतं, म्हणून सेंटरला आधी फोन करून सांगा, गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहावं लागतं. त्यातल्या औषधाचा किरणोत्सर्ग दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, तरी त्या दिवशी नातवंडांना मांडीवर घेऊ नये, घरात कोणी गरोदर असेल तर तिनेही लांब बसावं.

उजळलं म्हणजे कॅन्सरच असंही नाही हो, इन्फेक्शन किंवा सूज असली तरी उजळतं, म्हणून शंका असेल तिथे तुकडा काढून तपासतात. उलट बाजूही आहे, फार बारीक गाठ पेटमध्ये सुटू शकते, आणि जुन्या बायॉप्सीत ‘म्युसिनस’ असा शब्द असेल तर तसली गाठ साखर कमी ओढते, तेव्हा तो कागद सोबत न्याच.

आतड्याचं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं, म्हणून पसरलं तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं, मग लिव्हरचा एमआरआय सांगतील. तेव्हा कृपया हातपाय गाळू नका, लिव्हरमधल्या मोजक्या गाठी ऑपरेशनने काढता येतात आणि त्यातून काही पेशंट पूर्ण बरे होतात, पण त्यासाठी त्या वेळेत सापडायला हव्यात. अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, आणि जाताना जुन्या सीटीची नुसती रिपोर्टची कागदं नको, सीडीसुद्धा न्या, म्हणजे जुनं-नवं शेजारी ठेवून बघता येईल.