एकाच कणाचे दोन व्यास

प्रश्न : गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आम्ही भिंतीच्या रंगासाठी स्टायरीन-ब्युटाइल ॲक्रिलेटचे लॅटेक्स (पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे बारीक कण) बनवतो. एकाच बॅचच्या कणांचा व्यास डीएलएसवर (पाण्यातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून व्यास काढणारे यंत्र) १४५ नॅनोमीटर येतो, टीईएमवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) १८०. कुठला धरायचा? आणि कणात स्टायरीन किती, हे कसे काढायचे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : १४५ धरा. एरवी डीएलएसचाच आकडा मोठा येतो. तुमचा उलटा आला, यातच मेख आहे. मऊ कण टीईएमच्या जाळीवर वाळताना पसरतो. तो अर्धगोल होऊन बसला, तर आकारमान तेच राहून व्यास १.२६ पट होतो, म्हणजे १४५ चे १८३. टीईएमच हवे असेल तर नमुना गोठवून पाहणारे क्रायो-टीईएम करून घ्या.

डीएलएसचा नमुना मात्र नीट करा. ५० टक्के घनांश असलेले ०.१ ग्रॅम लॅटेक्स ५०० मिली पाण्यात मिसळा. त्या पाण्यात आधी ०.२९ ग्रॅम मीठ (शुद्ध सोडियम क्लोराइड, स्वयंपाकघरातले नव्हे) विरघळवून ते ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेले असावे. नुसत्या डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात कणाभोवतीचा विद्युतभाराचा थर फुगतो आणि व्यास काही नॅनोमीटरने जास्त दिसतो. लॅटेक्स स्वतः गाळू नका, मोठे कण फिल्टरवरच राहतील. ते नमुन्यात राहिले तरी पंचाईतच म्हणा: दुप्पट व्यासाचा एक कण ढोबळमानाने ६४ कणांइतका प्रकाश विखुरतो, म्हणून सरासरीबरोबर पीडीआय (कणांच्या आकारात किती फरक आहे, त्याचा आकडा) बघा, ०.१ च्या आत असला तर उत्तम. मे महिन्यात शेडमधून आणलेली बाटली लगेच लावू नका. पाण्याची चिकटता दर अंशाला सुमारे २ टक्के बदलते. नमुना यंत्राच्या तापमानाला येऊ द्या. शेवटी तोच नमुना निम्मा पातळ करून पुन्हा मोजा. व्यास वाढला, तर आधीचा नमुना दाट होता.

घटकांसाठी प्रोटॉन एनएमआर, म्हणजे रेणूतले हायड्रोजन सिग्नलच्या क्षेत्रफळावरून मोजणारी चाचणी (त्यातले पीपीएम म्हणजे आलेखावरची सिग्नलची जागा). लॅटेक्स मेथॅनॉलमध्ये ओतून पॉलिमर साकळा, दोन-तीनदा धुवा. हा टप्पा टाळलात तर एसडीएसचा (लॅटेक्समधल्या साबणासारख्या द्रव्याचा) ४ पीपीएमजवळचा सिग्नल ब्युटाइल ॲक्रिलेटच्याच सिग्नलवर चढतो आणि स्टायरीन कमी भरते. चिकट गोळ्याचे बारीक तुकडे करून निर्वातात वाळवा. ६.५ ते ७.२ पीपीएममधले क्षेत्रफळ भागिले ५ (स्टायरीनच्या वलयावरचे हायड्रोजन), म्हणजे स्टायरीन. ४ जवळचे भागिले २ (ऑक्सिजनशेजारचे हायड्रोजन), म्हणजे ब्युटाइल ॲक्रिलेट. एनएमआरच्या क्लोरोफॉर्म द्रावकाचा ७.२६ चा सिग्नल वगळा. दोन्ही भागाकार सारखे आले, म्हणजे रेणूंची संख्या समान असली, तरी वजनाने स्टायरीन ४५ टक्केच असते. अशा एकजीव कोपॉलिमरचा (दोन घटकांच्या पॉलिमरचा) टीजी, म्हणजे ज्या तापमानाच्या वर तो मऊ होतो ते, फॉक्स समीकरणाने (घटकांच्या टीजींवरून हिशेब करणारे) उणे ४ अंशांच्या आसपास येतो. तो कण जाळीवर चपटा होणारच.

एनएमआर सरासरी सांगते, कणाच्या आतली मांडणी नाही. मोनोमर (पॉलिमर होण्याआधीचे हे दोन घटक) एकदम ओतले तर स्टायरीन आधी संपते आणि शेवटी ब्युटाइल ॲक्रिलेटच उरते. डीएससीवर (नमुना तापवून टीजी मोजणारे यंत्र) एकाऐवजी दोन टीजी दिसले, किंवा एकच पण फार पसरट, तर मोनोमर हळूहळू सोडायला लागा.