चाव्यावर तिखट भरलं, आता?

प्रश्न : पऱ्हाटीत कापूस वेचताना बायकोच्या पोटरीला मोकाट कुत्रं चावलं, रक्त आलं. आईनं तिखट-तेल भरलं. काल रेबीजची एक सुई झाली. कुत्रं धडधाकट दिसते. बाकीच्या घ्यायच्या का?
– वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : घ्यायच्याच. कुत्र्याला रेबीज नाही हे कळायला मोकाट कुत्र्यावर 10 दिवस नजर कोण ठेवणार? तिखटानं जखम आणखी चरते. आताही वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. पट्टी, टाके नकोत. रक्त आलं म्हणजे तिसरी, सगळ्यात गंभीर श्रेणी : जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हवंच. ते पहिल्या सुईपासून 7 दिवसांतच देतात, म्हणून आजच विचारा. सुया कातडीत असतील तर 0, 3, 7, 28; दंडाच्या स्नायूत असतील तर 14वा दिवसही. शून्य म्हणजे पहिल्या सुईचा दिवस, चाव्याचा नव्हे. तारीख हुकलीच, तर हुकलेली सुई लगेच घ्या.